नर्सिंग होम कसं पारखावं? शेवटच्या खाटेपासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आई ७८ वर्षांची. सहा महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली. बोलणं नीट आहे, पण मधूनच गोंधळ उडतो. घरी रात्रंदिवस करायला कोणी नाही. तुम्ही तीन नर्सिंग होम पाहून आलात. एक नवंकोरं, चकचकीत. दुसरं जुन्या इमारतीत, पण माणसं बरी वाटली. तिसरं एका रुग्णालयाला जोडलेलं. परवाना तिघांकडेही आहे, माहितीपत्रकं तिघांचीही छान आहेत, आणि ‘आता यापुढे नेमकं बघायचं काय?’ इथे तुम्ही अडलायत.

मी सत्तावीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. त्यातली शेवटची पंधरा अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेत गेली, आणि त्यातलीही काही मेट्रन म्हणून. म्हणजे तुमच्यासारखे नातेवाईक बघायला आले की त्यांना फिरवून दाखवणारी बाई मीच असायचे. कुठल्या दारातून आत न्यायचं, कुठल्या खोलीचं दार ओढून घ्यायचं, कुठल्या आजी पाहुण्यांशी गोड बोलतात, हे सगळं ठरलेलं असायचं. यात फसवणूक असते असं नाही. आपणही पाहुणे आले की घर आवरतोच. पण तुम्ही जे पाहून आलात ते आवरलेलं घर आहे, एवढं ध्यानात असू द्या.

‘तिघांत चांगलं कुठलं?’ असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं तुमच्या मनात वेगळंच आहे. रात्री अडीच वाजता आईला लघवीला लागली, तिनं घंटा वाजवली, तर कोण येईल, किती वेळानं येईल आणि आल्यावर तिला कुठे धरून उठवेल? सगळी पारख या एका प्रसंगाभोवती फिरते. इमारत, बाग, टीव्हीची खोली यांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधीच कबूल करते. स्मृतिभ्रंशानं भटकणाऱ्या माणसासाठी बघायचं असतं तर मी दारं, जिने आणि कुंपण यांवर जास्त बोलले असते. खुब्याचं हाड मोडून दोन-तीन महिन्यांसाठी जाणाऱ्याला व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या आईच्या बाबतीत मला चार काळज्या वाटतात : पडणं, ठसका लागणं, पाठीला किंवा टाचेला जखम होणं आणि लुळा खांदा निखळणं. पुढचं सगळं हे डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय.

पुन्हा जाल तेव्हा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून गप्पा मारणाऱ्या मंडळींकडे बघू नका. ती कुठेही राहिली तरी तग धरतील. ‘ज्यांना स्वतःचं काहीच करता येत नाही ते कुठे असतात?’ असं विचारा आणि त्या खोलीच्या दारात दोन मिनिटं उभं राहायची परवानगी मागा. कोणाला हात लावायचा नाही, पांघरूण उचलायचं नाही, फोटो काढायचा नाही. तीही कोणाची तरी आई आहे. नुसतं बघायचं. ओठ सुकून भेगाळलेत का? नखं कापलेली आहेत का, त्यांत मळ आहे का? डोळ्यांच्या कडा साफ आहेत का? माणूस खाटेच्या पायथ्याकडे घसरून गोळा झालेला आहे का नीट उशांवर टेकवलेला? पोटरीखाली उशी देऊन टाचा गादीपासून अधांतरी ठेवल्या असतील तर त्या वॉर्डात काम समजणारी सिस्टर आहे. ही उशी पाहुण्यांना दाखवायला कोणी ठेवत नाही.

आणि पाण्याचा पेला. तो टेबलावर असतोच. हात पोचेल अशा जागी आहे का ते बघा. म्हातारपणी तहानेची जाणीव कमी होते, मागून पाणी पिणारी माणसं थोडीच असतात. सकाळी भरलेला पेला संध्याकाळी तसाच भरलेला असेल, तर त्या माणसाला दिवसभर कोणी पाणी पाजलेलं नाही. तुमच्या आईबाबत यात आणखी एक मेख आहे. डावी बाजू लुळी म्हणजे इजा मेंदूच्या उजव्या भागाला. अशा पुष्कळ रुग्णांना डावीकडचं जग जणू नसतंच. नजर शाबूत असते, पण डावीकडे लक्षच जात नाही. ताटातला उजवा अर्धा भाग संपतो, डावा तसाच राहतो आणि चार्टवर लिहिलं जातं, ‘भूक कमी’. म्हणून तिन्ही ठिकाणी वॉर्डमधल्या सिस्टरला एकच प्रश्न विचारा : ‘आईच्या हाताशी पाणी आणि घंटा कुठल्या बाजूला ठेवाल?’ जी क्षणभरही न थांबता ‘उजवीकडे’ म्हणेल, तिनं पक्षाघाताचे रुग्ण हाताळलेत. मॅनेजरला हे विचारून उपयोग नाही.

खांद्याचंही तसंच. लुळ्या बाजूचा खांदा सैल पडलेला असतो. घाईत मावशी काखेत हात घालून वर ओढतात किंवा लुळा हात धरून उठवतात, आणि सांधा जागचा सरकतो. पुढे महिनोन्महिने दुखणं. तुम्ही तिथे असताना कोणाला तरी खुर्चीतून खाटेवर घेतलं जाईलच. तेव्हा बघा. कमरेला पट्टा बांधून किंवा कमरेशी, पाठीशी धरून, ‘आजी, आता तीन म्हणाले की उठायचं’ असं सांगून उठवतात, का काखेत धरून पोतं उचलल्यासारखं? हे दहा सेकंदांचं दृश्य तासभराच्या फेरफटक्यापेक्षा जास्त सांगून जातं.

आता माणसांचा हिशोब. ‘तुमच्याकडे एकूण किती स्टाफ आहे?’ हा प्रश्न कामाचा नाही, कारण उत्तरात स्वयंपाकी, ड्रायव्हर, ऑफिसातले सगळे धरले जातात. विचारायचं असं : आज रात्री ड्यूटीवर किती मावशी, किती सिस्टर, आणि पूर्ण परावलंबी किती जण? मग स्वतः गुणाकार करा. समजा वीस जण कूसही बदलू न शकणारे आहेत. जुना दंडक दर दोन तासांनी कूस बदलायचा. हल्ली चांगली गादी असेल तर माणूस बघून हे अंतर थोडं वाढवतात. कूस नीट बदलायला, चादरीची चुणी काढायला, डायपर तपासायला दोघींना मिळून पाच मिनिटं तरी लागतात. वीस जणांची शंभर मिनिटं झाली. म्हणजे दोन मावशी एकशेवीस मिनिटांतली शंभर मिनिटं नुसत्या कुशी बदलत राहणार, आणि उरलेल्या वीस मिनिटांत डायपर बदलणं, घंटेला जाणं, ओकारी आवरणं, स्वतः घोटभर पाणी पिणं. हे शक्य नाही. तरी सकाळी चार्टवर सगळ्या खुणा जागच्या जागी असतात.

कशा असतात ते मला माहीत आहे, कारण नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी स्वतः त्या केल्या आहेत. रात्री दोन वाजता चारची आणि सहाची खूण करून टाकली होती. त्या रात्री दोन पेशंट एकदम बिघडले होते, मी एकटी होते, आणि कोरा चार्ट ठेवला तर बोलणी बसणार होती. सकाळी एका आजोबांच्या टाचेवर लाल डाग दिसला. बोटानं दाबला तर पांढरा पडेना, लालच राहिला. ती बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची पहिली पायरी. कातडी फाटलेली नव्हती म्हणून थोडक्यात निभावलं, पण तो डाग मी अजून विसरलेले नाही. (सावळ्या कातडीवर ही लाली सहज दिसत नाही. तिथे तो भाग आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा उलट पिठासारखा मऊ लागतो. आईला भेटायला जाल तेव्हा माकडहाड, खुबे आणि टाचा हातानं चाचपून बघायची सवय लावून घ्या.) तेव्हापासून कुठलाही चार्ट हातात आला की मी आधी शाई बघते. बारा तासांच्या खुणा एकाच पेनानं, एकाच दाबानं, एका सरळ रेषेत असतील तर त्या एका बैठकीत झालेल्या आहेत. खरा चार्ट गबाळा असतो.

किती मनुष्यबळ पुरेसं, याला एकच आकडा नाही. अमेरिकेत सरकारी पातळीवर झालेल्या २००१ च्या अभ्यासात, दीर्घकाळ राहणाऱ्या एका रहिवाशामागे दिवसाला सुमारे ४.१ तास शुश्रूषा लागते, त्याखाली हेळसांडीचे परिणाम दिसू लागतात, असं निघालं होतं. यात सिस्टर आणि मावशी दोन्ही आल्या. तीस रहिवासी असतील तर दिवसाला १२३ तास, म्हणजे आठ तासांच्या साधारण पंधरा ड्यूट्या. हा आकडा जसाच्या तसा सगळीकडे लावू नका. पण तीस परावलंबी माणसांमागे चोवीस तासांत मिळून सहा-सात जणच असतील, तर ती मंडळी कितीही प्रेमळ असोत, काम पुरं पडणार नाही.

संख्येइतकंच टिकून राहणं महत्त्वाचं. मावशींना सहज विचारा, ‘किती वर्षं झाली इथे?’ मग समोरच्या आजींबद्दल काहीतरी विचारा : यांना काय आवडतं, झोप कशी लागते. ‘त्यांना उजव्या कुशीवर झोपवलं की कुरकुर करतात, म्हणून आधी डावीकडे घेते’ असं उत्तर आलं तर उठून नमस्कार करावा. ‘मी कालच लागले’ असं दोघी-तिघींनी सांगितलं तर आधीच्या का गेल्या, हा प्रश्न मॅनेजरसाठी.

पडण्याबद्दल विचारताना बरेच जण चुकतात. ‘तुमच्याकडे कोणी पडत तर नाही ना?’ असं विचारलं की ‘छे, छे’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी ‘गेल्या तीन महिन्यांत किती जण पडले, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं?’ असं विचारा. चाळीस म्हाताऱ्या माणसांच्या जागी तीन महिन्यांत कोणीच पडलं नाही, तर एकतर तिथे कोणाला खाटेवरून उतरूच देत नाहीत, किंवा पडलेलं कोणी लिहून ठेवत नाही. माझ्या वॉर्डात एका वर्षी पडण्याच्या नोंदी मांडून बघितल्या, तर निम्म्याहून अधिक पहाटे पाच ते सातच्या, आणि बहुतेक संडासच्या दाराशी. रात्रपाळी दमलेली, दिवसपाळी यायची, आणि म्हाताऱ्यांना नेमकी तेव्हाच लागलेली. एका मावशीची वेळ तासभर आधी ओढली, तशी पडण्यात चांगली घट झाली. असं काही सांगणारी संस्था मला शून्य पडझडवाल्या संस्थेपेक्षा भरवशाची वाटते.

‘सुरक्षेसाठी’ बांधून ठेवण्याचा मार्ग कोणी सुचवला तर सावध व्हा. हात किंवा कंबर बांधल्यानं पडणं थांबतं असं दिसलेलं नाही. सुटायच्या धडपडीत मार जास्त लागतो, जखमा होतात, माणूस आणखी भांबावतो. आणि बांधायला दोरीच लागते असं नाही. सकाळी अकरा वाजता जा. सगळा वॉर्ड माना टाकून झोपलेला असेल तर औषधांचा चार्ट बघायला मागा. मनोविकारावरची काही औषधं स्मृतिभ्रंशाच्या माणसांना शांत ठेवायला दिली जातात. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं त्यांतल्या नव्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, कारण चाचण्यांमध्ये अशा वृद्धांत मृत्यूचं प्रमाण औषध नसलेल्या नकली गोळीच्या तुलनेत १.६ ते १.७ पट आढळलं होतं. २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तो लागू झाला. कधी कधी ती द्यावी लागतात, मीही दिली आहेत. पण कोणी सुरू केली, कशासाठी, आणि पुन्हा विचार कधी करणार, या तिन्हींची उत्तरं लिहिलेली हवीत, आणि सुरू करण्याआधी तुम्हाला फोन यायला हवा.

एक भेट जेवणाच्या वेळी, न सांगता. भरवणारी मावशी बसलेली आहे का उभी, हे बघा. उभं राहून भरवलं की घास वरून येतो, माणूस मान मागे टाकतो, आणि घास श्वासनलिकेकडे जायची भीती वाढते. पक्षाघातानंतर गिळण्याची पंचाईत पुष्कळदा असते. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, लहान घास, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही, आणि जेवल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवण झाल्यावर तोंड धुऊन घेतात का, रात्री कवळी काढतात का, हेही विचारा. प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तोंडातली घाण फुप्फुसात उतरूनही न्यूमोनिया होतो, आणि तोंडाची निगा हे घाईच्या वेळी सगळ्यात आधी गाळलं जाणारं काम आहे.

औषधांचं थोडक्यात : वाटायची वेळ बघा. प्रत्येक पेशंटपाशी चार्ट उघडून, नाव विचारून, गोळी गिळेपर्यंत थांबून मग सही, हे बरोबर. सगळ्यांच्या गोळ्या वाट्यांत काढून ट्रे फिरतोय, हे वाईट. आणि गिळता येत नाही म्हणून सरसकट कुटून देतात का, तेही विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम पोटात जातं.

वासाबद्दल लोक खूप बोलतात. माझं मत जरा वेगळं आहे. एखाद्या कोपऱ्यात आत्ता लघवीचा वास येतोय याचा अर्थ आत्ता कोणाला तरी झाली आहे. पंधरा मिनिटांनी परत तिथून जा. तसाच असेल तर प्रश्न. सुगंधी फवाऱ्याचा उग्र वास आला की मात्र मी जास्त चौकस होते.

तारांकनं आणि अभिप्राय वाचा, पण त्यावर ठरवू नका. अमेरिकेत २००८ पासून नर्सिंग होमना सरकारतर्फे पाच ताऱ्यांपैकी गुण मिळतात. सुरुवातीला कर्मचाऱ्यांची संख्या संस्था स्वतःच कळवत. पुढे ती पगाराच्या नोंदींवरून घ्यावी लागली. स्वतःचा पेपर स्वतः तपासला की काय होतं ते सांगायला नको. तपासणीचा शेवटचा अहवाल मात्र जरूर मागा. त्रुटी असणारच. त्याच त्रुटी दोन-तीन अहवालांत पुन्हापुन्हा येतायत का, तेवढं बघा.

आग आणि वीज हा भाग नातेवाईक विचारतच नाहीत. २०१४ च्या जानेवारीत कॅनडातल्या लील-व्हेर्त गावी वृद्धांच्या निवासाला रात्री आग लागली, ३२ जण गेले. त्याच इमारतीच्या नव्या भागात छताला पाण्याचे फवारे होते. तो भाग वाचला. २०१७ च्या सप्टेंबरात फ्लोरिडात चक्रीवादळानंतर एका नर्सिंग होममधली वातानुकूलन यंत्रणा बंद पडली, उष्म्यानं १२ रहिवासी दगावले. वीज चालू असलेलं रुग्णालय हाकेच्या अंतरावर होतं. तुमच्या तिसऱ्या पर्यायाबद्दल म्हणून सांगते : शेजारी रुग्णालय असणं चांगलंच, पण तिकडे न्यायचं कधी, हे ओळखणारं आणि ठरवणारं माणूस रात्री जागेवर हवं. विचारा : रात्री आग लागली तर वरच्या मजल्यावरच्या, चालू न शकणाऱ्या माणसांना कोण, कशावरून, कुठल्या जिन्यानं खाली आणणार? शेवटची रंगीत तालीम कधी झाली? जनरेटरवर नेमकं काय काय चालतं? मग तो जिना स्वतः उतरून बघा. जुन्या खाटा आणि गाद्या रचून ठेवलेल्या जिन्यावर मी स्वतः अडखळले आहे. तुमच्या दुसऱ्या पर्यायाची इमारत जुनी आहे, म्हणून तिथे हे आधी बघा.

आतापर्यंतचं गोळा करते. प्रत्येक ठिकाणी आणखी तीन फेऱ्या मारा : एक जेवणाच्या वेळी, एक संध्याकाळी पाळी बदलताना, एक सुट्टीच्या दिवशी. निदान दोन न सांगता. ‘आधी वेळ घेतल्याशिवाय वॉर्डात येता येणार नाही’ हा नियम कुठे असेल तर कारण विचारा. संसर्गाची साथ असेल तर समजू शकते, एरवी ते ठिकाण मी यादीतून काढून टाकेन. तिघांतलं कुठलं, हे इथून सांगणं खोटेपणाचं होईल; पण जिना आणि संडास ठीक निघाले, तर ‘माणसं बरी वाटली’ या तुमच्या निरीक्षणाला मी चकचकीतपणापेक्षा जास्त वजन देईन. आणि दोन ठिकाणं सारखीच वाटली तर घराजवळचं घ्या. मेट्रननं असं बोलू नये, पण ज्यांच्याकडे अवेळी कोणीतरी डोकावतं त्यांचा डायपर आधी बदलला जातो.

करार सही करण्याआधी एवढं वाचा : कुठल्या परिस्थितीत ते आईला परत न्यायला सांगू शकतात, किती दिवस आधी सांगतील, रुग्णालयात हलवल्यावर खाट राखून ठेवतात का, आणि तब्येत बिघडली तर निर्णयासाठी पहिला फोन कोणाला.

दाखल करायच्या दिवशी घाई करू नका. सिस्टरबरोबर बसून आईचं डोक्यापासून टाचेपर्यंत अंग बघून घ्या, असलेले डाग-जखमा दोघींच्या सहीनं लिहा. वजन करायला लावा, कपडे-चपला कशा होत्या तेही लिहा, आणि तारीख घाला. महिन्यानं त्याच काट्यावर पुन्हा. महिन्यात पाच टक्के वजन उतरलं, म्हणजे पन्नास किलोंमागे अडीच किलो, तर ‘वयाप्रमाणे होतं’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. ठसका, दात, गोळ्या, उदासी, न भरवणं, काहीतरी कारण असतं आणि ते शोधावं लागतं. आणि पहिल्याच दिवशी खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात कागद चिकटवा : ‘पाणी आणि घंटा उजव्या हाताला. डावा हात धरून ओढू नये.’ तो कागद पडला की नवा लावायचं काम तुमचं.